वाल्द्रेसहून आलेली पत्रं

१९५७ च्या जुलैत कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या धक्क्याला एक नॉर्वेजियन तेलवाहू जहाज लागलं होतं. त्यावरचा बावीस वर्षांचा एक खलाशी इंजिनखोलीत उष्माघातानं कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार होतं आणि त्या उन्हात मयत ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून संध्याकाळच्या आत त्याला इथेच, ख्रिस्ती कबरस्तानात पुरायचं ठरलं.

मी तेव्हा तिथल्या तेल कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. माझं नाव फारूक, रत्नागिरीच्या राजिवड्याचा. जहाजाचा बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, सुतारखान्याची वाट विचारत माझ्याकडे आला, तेव्हा दुभाष्या म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. सुतारखान्याचा मिस्त्री झहूरभाई बाणकोटच्या खाडीकाठचा. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या होड्या बांधायचं काम होतं. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, बोलायला अगदी कमी.

बोसननं शवपेटी सांगितली. मग खिशातून एक पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हे त्याच्या बिछान्याशी लावलेलं होतं," तो म्हणाला. "त्याच्या गावचं चर्च. पोराचं नाव गुडब्रांड. कबरीवर लावायला असं काही जमेल का? साधा क्रूससुद्धा चालेल. पण जमलं तर..."

झहूरभाईनं हात पुसून कार्ड उचललं. मीही वाकून पाहिलं. डोंगराच्या उतारावर काळं, लाकडाचं देऊळ म्हणावं असं काहीतरी उभं होतं. एकावर एक चढत गेलेली छपरं, छपरांवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या, आणि टोकांना लांब मानेची सापासारखी तोंडं.

"हे किती जुनं?" झहूरभाईनं विचारलं. मी बोसनला विचारलं.

"आठशे वर्षं."

"लाकडाचं? आठशे वर्षं?" झहूरभाईनं कार्ड उजेडात नेलं. बराच वेळ बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "हे बघ फारूक. खांब मातीत गाडले नायत. खाली दगड, दगडावर आडवं लाकूड, त्या लाकडात खाच पाडून खांबाचं कुसू बसवलंय. पाणी लागतच नाय बुडाला. बांधणाऱ्याला होडी ठाऊक होती."

शवपेटी चारपर्यंत तयार झाली. दफनाला बोसन, जहाजाचे आठ-दहा लोक आणि आम्ही दोघे होतो. कबरीवर लावायचं काम मात्र झहूरभाईनं घाईत केलं नाही. जहाज निघून गेल्यावर तो कुवेत शहरात, शर्कला गलबतं बांधतात तिथं गेला आणि मलबारी सागाचा एक चांगला तुकडा घेऊन आला. पुढचे तीन आठवडे काम सुटल्यावर तो पटाशी घेऊन बसायचा.

मला राहवलं नाही. "झहूरभाई, तुम्ही नमाजी माणूस. क्रूस कोरताय. लोक काय म्हणतील?"

"मयताची अमानत हाय ती," तो मान वर न करता म्हणाला. "त्याच्या आईनं बघितलं तर तिला वळखू यायला हवं. माझ्या नमाजीचं माझा अल्ला बघून घेईल."

शेवटी जे झालं ते कमरेइतकं उंच होतं. दगडावर बसवलेला खांब, त्यावर क्रूस, आणि क्रूसावर ऊन-वारा अडवायला खवल्यांचं दुपाखी छप्पर, एकावर एक दोन. एकही खिळा नव्हता. गलबतांना लावतात ते माशाचं तेल त्यानं तीनदा पाजलं. जहाज कंपनीच्या एजंटच्या माणसानं त्याचा फोटो काढला आणि नॉर्वेला धाडला.

तिथे ते संपायला हवं होतं. पण नोव्हेंबरात 'सुतार, मीना अल-अहमदी' एवढ्याच पत्त्यावर एक पत्र आलं. एजंटनं ते माझ्याकडे दिलं, मी झहूरभाईला वाचून दाखवलं. लिहिणारी गुडब्रांडची मोठी बहीण, सिग्ने. शाळामास्तरीण होती, त्यामुळे इंग्रजीत लिहू शकत होती. तिनं लिहिलं होतं की त्यांचं खोरं, वाल्द्रेस, समुद्रापासून फार आत आहे. त्यांच्या घरातून दर्यावर गेलेला गुडब्रांड पहिलाच. आई, म्हणजे गुरी, फोटो पाहून म्हणाली, 'त्याला आपल्या छपराखाली ठेवलंय.'

त्यानंतर पत्रं येत राहिली. वर्षाला चार-पाच. प्रत्येकात एखादं पोस्टकार्ड असायचंच. त्या एका खोऱ्यात अशी जुनी लाकडी चर्चं अजून उभी आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. दर काही वर्षांनी उन्हाळ्यात गावकरी शिडी लावून चर्चच्या भिंतींना डांबर चढवतात आणि महिनाभर ऊन तापलं की सगळीकडे तोच वास येतो, असं तिनं लिहिलं तेव्हा झहूरभाईनं मला तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. दाराच्या चौकटीवर वेली आणि राक्षस कोरलेत, म्हणे. पूर्वी पलीकडच्या वाड्यांवरचे लोक रविवारी तलावातून होड्या वल्हवत प्रार्थनेला यायचे. चर्चमध्ये शेगडी नाही, म्हणून हिवाळ्यात तिथे कोणी बसत नाही.

एका पत्रात त्यांच्याकडच्या संग्रहालयाबद्दल होतं. जुनी शेतघरं जागेवरून सोडवून, ओंडक्यांवर नंबर टाकून, एका ठिकाणी आणून पुन्हा उभी केली आहेत. लहानपणी गुडब्रांड तिथल्या दोनशे वर्षांच्या पलंगावर झोपून गेला आणि रखवालदार दार लावून गेला होता. एकदा तिनं ईस्टरच्या सुट्टीबद्दल लिहिलं. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून सगळे बर्फावरून डोंगर चढतात आणि वर पोचले की उन्हात बसून संत्री सोलतात.

"बर्फात संत्री?" झहूरभाई म्हणाला. "नीट वाचलंस ना?"

"नीटच वाचलंय."

तो हसला. त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

मला स्वतःला सगळ्यात लक्षात राहिली ती डोंगरातल्या झोपडीची गोष्ट. पायवाटेवर दिवसभराच्या अंतरावर दगडी झोपड्या आहेत, त्यांना कुलूप नसतं. आत कोरडी लाकडं रचलेली असतात. येईल त्यानं ती जाळून अंग शेकायचं, आणि सकाळी निघताना पुढच्या माणसासाठी तेवढीच फोडून ठेवायची. पुढे कोण येणार हे कोणालाच माहीत नसतं.

उत्तरं मीच लिहायचो. झहूरभाई सांगायचा तेवढंच: कबर साफ आहे. वाळू चढली होती, काढली. तेल दिलं. आईला सलाम. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजीनंतर तो कबरस्तानात एक चक्कर टाकायचाच. मी चिडायचो, "एवढी मोठी पत्रं येतात, तुम्ही चार ओळी देता!" त्यावर तो म्हणायचा, "मना तेवढंच ठाव हाय."

१९५९ च्या वसंतात, उन्हाळा चढायच्या आधी, सुतारखान्यातले आम्ही सात-आठ जण ट्रकमधून खैरानला गेलो. त्या काळी तिथे बंगले वगैरे काही नव्हतं. खाडीचं आत घुसलेलं निळं पाणी आणि पांढरी वाळू. बाकीचे चूल पेटवत होते. झहूरभाई गळ टाकून बसला होता. आदल्या दिवशी आलेलं सिग्नेचं पत्र माझ्या खिशात होतं. मी त्याच्या शेजारी बसून ते वाचलं. शेवटी लिहिलं होतं: 'आई विचारते, तुम्ही तिच्या मुलाला कधी पाहिलंही नाही. मग त्याच्यासाठी इतकं का करता?'

झहूरभाई गळाच्या दोरीकडे बघत राहिला. मला वाटलं, नेहमीसारखं उडवून देईल.

"माझा एक भाऊ होता," तो म्हणाला. "कमालभाई. विलायतेच्या बोटीवर आगवाला होता, बॉयलरला कोळसा घालायचा. बेचाळीस सालच्या थंडीत तिकडेच न्युमोनियानं गेला. कंपनीची चिठ्ठी आली. इंग्रजीत. नाव पण चुकीचं लिवलेलं. साउथ शील्ड्स म्हणून बंदर हाय, तिथं पुरला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? अम्माला एकच लागून राहिलंय. त्याला आंघोळ घालून गुस्ल कुणी दिला? जनाजाची नमाज पढली का? का तसाच, कसा तरी, मातीत लोटला? गावात कुणाचं मयत उठलं की ती आठ दिवस जेवत नाय." त्यानं दोरी गुंडाळली. "मी इकडे यायला निघालो तेव्हा म्हणाली, परमुलखात बेवारस मयत दिसलं तर पाठ फिरवू नको. माझ्या कमालला कुणीतरी हात लावलाच असेल. त्याची फेड मी कुणाकडे करू?"

चूल पेटली होती, कोणीतरी आम्हाला हाक मारत होतं. मी म्हटलं, "हे लिहू त्यांना?"

"नाय!" तो एकदम म्हणाला. "त्या बाईला तिचं दुःख हाय. आपलं कशाला तिच्या डोक्यावर? लिव, सुताराचं काम हाय, करतो. बस."

मी हो म्हटलं. आणि खोलीवर परतल्यावर त्याचं ते वाक्य लिहून झालं, तरी माझं पेन थांबेना. मी खाली माझ्या नावानं लिहिलं की झहूरभाईनं मनाई केली आहे, पण खरं कारण वेगळं आहे. कमालभाईचं नाव लिहिलं, साल लिहिलं, बंदर लिहिलं, आणि अम्माचा प्रश्नही. दुसऱ्या दिवशी ते टपालात टाकलं. टाकल्यावर वाटलं, हे आपण काय करून बसलो.

मग पत्रं थांबली. उन्हाळा गेला. दर आठवड्याला झहूरभाई विचारायचा, "काय नाय आलं?" मी मान हलवायचो. सप्टेंबर, ऑक्टोबर. तो म्हणाला, "म्हातारी बरी असेल ना?" मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या आगाऊपणामुळे त्याचं ते एक सुख तुटलं, असं मला वाटत होतं.

१९६० च्या फेब्रुवारीत जाड पाकीट आलं. मी ते ऑफिसातच उघडलं, वाचलं आणि तसाच उठून सुतारखान्यात गेलो.

"झहूरभाई, आधी माझा गुन्हा ऐका," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्याच्या हातातला रंधा थांबला. मला वाटलं, मारतो आता. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या भावाचं नाव," तो अगदी हळू म्हणाला, "मी अम्मापुढेसुद्धा काढत नाय. आणि तू मना न विचारता ते दुनियेच्या टोकाला धाडलंस?"

"हो."

"विश्वासानं सांगितलं होतं तुला."

"हो. माझं चुकलं. पण उत्तर आलंय. त्यांचं नाव आहे त्यात."

तो लाकडाचा भुसा हातानं एका बाजूला लोटत राहिला. मग स्टुलावर बसला. "वाच."

सिग्नेनं लिहिलं होतं की माझं पत्र मिळालं त्या रविवारी आई स्वतः आपल्या पाद्र्याकडे गेली. पाद्र्यानं इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या काठावरच्या नॉर्वेजियन खलाशांच्या चर्चला लिहिलं. तिथला पाद्री नदी ओलांडून साउथ शील्ड्सला गेला, कबरस्तानाची जुनी वही उघडायला लावली. बेचाळीस सालच्या पानावर 'कामेल, फायरमन, बॉम्बे' एवढंच होतं. जागेचा नंबर होता. पण तो पाद्री तिथेच थांबला नाही. त्या गावात येमेनी खलाशांच्या खाणावळी होत्या, तिथे तो दार वाजवत फिरला. कधी माणूस भेटेना, कधी आठवण नसायची, म्हणून इतके महिने लागले. शेवटी एक म्हातारा खाणावळवाला भेटला. त्याला आठवत होतं. बर्फ पडत होतं म्हणून आठवत होतं.

मी पुढचं वाचू लागलो. तो म्हातारा म्हणाला होता: 'बॉम्बेकडचा पोरगा. त्याचं जहाज निघून गेलं होतं. इस्पितळातून आम्ही त्याला माझ्या स्वयंपाकघरात आणला. पाणी कोमट केलं आणि आंघोळ घातली. कफन माझ्या बायकोनं शिवलं. जनाजाला आम्ही अकरा जण उभे होतो. उजव्या कुशीवर, किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून ठेवला.'

पाकिटात फोटो होता. लहानसा दगड, शेवाळलेला, त्यावर कुणीतरी हातानं खोदलेली अरबी अक्षरं. दोनच शब्द: कमाल, मरहूम. वहीत नाव चुकलं होतं, दगडावर बरोबर होतं.

झहूरभाई उठला. मला वाटलं बाहेर जाऊन रडेल. तो नळावर गेला, हात-पाय-तोंड धुऊन वजू केला, रंध्याखालचा भुसा झाडून तिथेच जमिनीवर त्यानं शुक्रान्याच्या, म्हणजे आभाराच्या नमाजीच्या दोन रकाती पढल्या. सलाम फिरवून झाल्यावर तसाच बसून राहिला आणि मला म्हणाला, "फारूक, तुला माफ केलं नाय अजून. पण अल्ला तुझं भलं करो."

त्या नोव्हेंबरात आम्ही दोघे एकाच बोटीनं रजेवर निघालो. अम्माला हे टपालानं कळवायचं नाही, पत्र वाचून दाखवायला मीच हवा, असं त्याचं म्हणणं होतं. मुंबईहून आगबोटीनं बाणकोट, तिथून खाडीकाठानं चालत. त्याची आई अमिरुन्निसा अंगणात सुकत टाकलेल्या मासळीवरचे कावळे हाकलत बसली होती. कृश, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. झहूरभाईनं तिला आत नेलं, खाटेवर बसवलं आणि मला खूण केली.

मी इंग्रजीतून वाचून सोप्या बोलीत सांगत गेलो. मला वाटलं होतं, जनाजाच्या ओळीवर ती मला थांबवेल. तिनं थांबवलं त्याच्या आधीच.

"काय म्हणालास? पाणी?"

"कोमट पाणी, अम्मा. थंडी होती ना. त्यांनी कोमट केलं."

"कोमट केलं," ती म्हणाली. "माझ्या पोराला कोमट पाणी घेतलं." तिनं माझा हात धरला. "बाबा, अठरा वर्षं मी त्याला थंड पाण्यात बघत होते."

मग ती रडली. झहूरभाई तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता. शेजारपाजारच्या बाया आल्या, त्यांनाही तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी मी ते पत्र चार वेळा वाचलं. गुरीच्या गावाबद्दल, तिथल्या चर्चबद्दलही तिनं मला विचारून घेतलं. संध्याकाळी तिनं स्वतः चुलीपाशी बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सालन केलं, आणि आमच्याबरोबर पोटभर जेवली. झहूरभाईची बायको माझ्या कानात म्हणाली, असं जेवताना तिला कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

आमची रजा संपायच्या आत अम्मानं एक गोधडी शिवली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, सुई बाया ओवून द्यायच्या, टाके ती बोटांनी चाचपून घालायची. तिच्या जुन्या ओढण्या, लुगड्याचे काठ, आणि मधोमध चौकटीच्या लुंगीचा एक तुकडा. लुंगी कमालभाईची होती. "चर्चात शेगडी नाय म्हणालास ना?" ती मला म्हणाली. "म्हातारीच्या गुडघ्यांवर घालायला दे."

१९६१ च्या सुरुवातीला आम्ही कुवेतला परतलो, तेव्हा एका नॉर्वेजियन जहाजाच्या मेटनं, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्यानं, ती आनंदानं नेली. दोन महिन्यांत पोच आली: गोधडी मिळाली, आई ती कुणाला हात लावू देत नाही. त्याच साली कुवेत स्वतंत्र झालं.

१९६२ च्या उन्हाळ्यात सिग्नेचं पत्र आलं ते इंग्लंडचं तिकीट लावून. मी बुचकळ्यात पडलो. झहूरभाई माझ्या खांद्यावरून डोकावत होता, जणू त्याला वाचता येत होतं.

मुलगा गेल्यापासून गुरीनं समुद्राचं नावसुद्धा टाकलं होतं. सिग्नेनं लिहिलं होतं, 'या वसंतात आई एका सकाळी म्हणाली, झहूर दर आठवड्याला माझ्या मुलापाशी उभा राहतो. त्याच्या भावापाशी मी एकदा तरी उभं राहायला हवं. आम्ही गाडीनं डोंगर ओलांडून बर्गनला आलो, तिथून न्यूकॅसलच्या बोटीत बसलो. एकवीस तास. आई डेकवर आली नाही, बंकवर गोधडी पांघरून डोळे मिटून पडून राहिली. पण उतरल्यावर स्वतःच्या पायांनी चालली.'

येमेनी म्हाताऱ्यानं त्यांना खाणावळीत चहा दिला आणि स्वतः वाट दाखवायला आला. गुरीनं दगडावरचं शेवाळ घरून आणलेल्या ब्रशनं घासून काढलं. किती वेळ उभं राहायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून म्हातारा दुआ मागेपर्यंत ती थांबली, आणि मग आपल्या भाषेत काहीतरी बोलली. काय बोलली ते तिनं मुलीलाही सांगितलं नाही.

फोटोत दोघं होती. काळी टोपी घातलेला वाकलेला म्हातारा, आणि डोक्याला रुमाल बांधलेली उंच, सुरकुतलेली बाई. वाऱ्यानं तिचे कपडे एका बाजूला उडत होते. खांद्यांवर गोधडी.

झहूरभाईनं फोटो माझ्याकडून घेतला, शर्टाला बोटं पुसून पुन्हा धरला. "एवढ्या लांब," तो म्हणाला. "दर्याला भिणारी बाई. फारूक, हिला काय लिवू मी?"

आम्ही फोटो आधी गावाला पाठवायचं ठरवलं.

अम्माचं उत्तर गावच्या मास्तरांच्या हातचं आलं. फोटो तिला दिसला नव्हता, पण सुनेनं त्यातलं इंच न इंच सांगितलं होतं. तिनं लिहवून घेतलं होतं: 'त्या बहिणीला कळव. माझ्या कमालच्या उशाशी एका आईनं उभं राहायला हवं होतं, ते काम तिनं केलं. मला तिकडे येणं होत नाही. पण तिच्या पोराचं नाव मला नीट सांग. रोज फजरच्या नमाजीला कमालच्या दुआबरोबर त्याचीही मागेन.'

मी नाव मोठ्या अक्षरांत, फोड करून लिहून पाठवलं. पुढच्या रजेत झहूरभाई घरी जाऊन आला तेव्हा मी विचारलं, अम्माला जमतं का म्हणायला. तो म्हणाला, "रोज मागते. पण जिभेवर बसत नाय. गुलबरान म्हणते."

तेच नाव राहिलं. अम्मा सहासष्ट साली गेली, तोवर रोज सकाळी ती कमाल आणि गुलबरान या दोघांसाठी हात उचलत असे.